भिगवणच्या होडीत बसून रोहित कसा काढावा

भिगवणला निघण्याच्या आदल्या रात्रीच चार टू-बी पेन्सिली तासून ठेवा. होडीत तासायला सवड मिळत नाही, आणि टोक मोडलं की नेमकी तेव्हाच रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, रांग मान वर करते. मी दौंडची. गेली सव्वीस वर्षं पक्ष्यांच्या पुस्तकांसाठी आणि जंगलातल्या माहितीफलकांसाठी चित्रं काढते. या कामापायी आंबोलीपासून ताडोबापर्यंत फिरले, पण हात बसला तो घराजवळच्या उजनीच्या पाण्यावर. म्हणून सांगते ते तिथलंच.

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि मागे जो फुगवटा साठला, त्याच्या उथळ काठांवर हिवाळ्यात पक्षी उतरायला लागले. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला उतरायचं आणि कुंभारगाव किंवा डिकसळ गाठायचं. होड्या मासेमारांच्याच. नोव्हेंबरपासून पट्टकादंब, बदकं, चित्रबलाक दिसतात. रोहितांसाठी मात्र मी फेब्रुवारी-मार्चमध्ये जाते. पाणी ओसरून चिखल उघडा पडतो, पक्षी काठाशी एकवटतात आणि एकच पक्षी बराच वेळ नजरेसमोर राहतो. चित्रकाराला संख्या नको असते, वेळ हवा असतो.

सकाळी सहाला होडीत बसा. नावाड्याला आधीच सांगा, "दादा, सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी होडी घ्या, आणि लांबूनच इंजिन बंद करा." पुढचं अंतर बांबूने रेटत जायचं. रोहितांनी खाणं थांबवून माना वर केल्या की आपण फार जवळ आलो. तिथून मागे सरका. पक्षी उडवून लावला तर चित्र तर जातंच, त्याचं खाणंही जातं. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते. आठऐवजी दहापट मोठं दाखवणारी घेतली तर होडीच्या हेलकाव्यात सगळं थरथरतं.

वही तळहातापेक्षा थोडी मोठी, जाड कागदाची, स्प्रिंगची. पहिला अर्धा तास तिच्यात काहीच काढायचं नाही. नुसतं बघायचं. रोहित डोकं उलटं करून खातो. वरची चोच खाली जाते, आणि तो पाय जागच्या जागी आपटत चिखल ढवळतो. ही लय डोळ्यात बसली की पुढचं सोपं होतं. मग तीस सेकंद बघा, डोळे मिटा, मिटल्या डोळ्यांसमोर मानेचा आकार आणा, आणि न बघता एका रेषेत तो कागदावर उतरवा. उतरवून झाल्यावर मगच परत वर बघा.

पक्षी हलला तर रेघ तिथेच सोडा. खोडरबर नकोच. त्याच पानावर शेजारी दुसरी मुद्रा सुरू करा, ती मोडली की तिसरी. पाच-सहा अर्धवट रोहित पानावर जमतात. पक्षी त्याच त्याच मुद्रांवर परत येतो. डोकं बुडवणं, मान वर करणं, पंख चोचीने विंचरणं. तो पहिल्या मुद्रेवर परत आला की तुम्हीही पहिल्या रेघेवर परत जा. माझ्या वह्यांत एका सकाळीत पूर्ण झालेली दोन-तीनच चित्रं असतात, बाकीची पानं तुकड्यांची. पण पुढे पुस्तकातलं चित्र करताना हेच तुकडे लागतात. फोटोही मी काढते, पिसांची मांडणी ताडून बघायला. पण फोटो एकाच क्षणाचा असतो, आणि कडक उन्हात पांढऱ्या पिसांतला सगळा तपशील त्यात जळून जातो.

पायांवर जास्त वेळ द्या. पक्ष्याच्या पायाच्या मधोमध जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. म्हणून तो सांधा मागच्या बाजूला निघतो. हे मला पुस्तकाने नाही, कुंभारगावच्या एका नावाड्याने शिकवलं. मी काढलेला शेकाट्या बघून तो म्हणाला, "ताई, ह्यो असा न्हाई वाकत. मागं वाकतो." त्या वर्षी काढलेले सगळे लांब पायांचे पक्षी मी पुन्हा काढले. तेव्हापासून पाय काढताना आधी सांध्याचा ठिपका द्यायचा, मग पावलाचा, आणि मगच दोन्ही जोडायचे. पाय पाण्यात शिरतो तिथे रेघ तोडायची. पाण्यातली सावली वेगळी, थोडी सरकलेली काढायची.

रंग होडीत भरत बसू नका, लिहून ठेवा. बाण काढून, आपल्या शब्दांत. माझ्या वहीत "चिंचेच्या टरफलासारखा", "वाळल्या कडब्याचा", "कच्च्या कैरीच्या सालीचा, उन्हात" असं लिहिलेलं असतं. "तपकिरी" एवढंच लिहिलं तर घरी गेल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. सोबत वेळ, ऊन कुठून येत होतं, आणि पक्षी मोठा होता की पिल्लू, हेही लिहा. रोहिताचं पिल्लू राखी-तपकिरी असतं, गुलाबी व्हायला काही वर्षं जातात, आणि तो रंग त्याच्या खाण्यातून येतो. एकाच थव्यात हे सगळे टप्पे दिसतात. सगळे रोहित सारखे गुलाबी रंगवलेलं चित्र मला म्हणूनच खोटं वाटतं.

घरी रंगवताना गुलाबी रंगाची तयार ट्यूब वापरू नका. उभ्या रोहिताचं अंग जवळजवळ पांढरंच असतं, तिथे कोरा कागद सोडायचा. छायेच्या बाजूला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून अगदी पातळ राखाडी. त्यावर गुलाबीची एकच झाक, भरपूर पाण्यातली. गडद लाल आणि काळी पिसं पंख उघडल्यावर दिसतात, ती उडत्या पक्ष्यासाठी राखून ठेवा. गुलाबीसाठी मी पूर्वी अलिझरीन क्रिमझन वापरायची. उजेडात तो उडतो. भिंतीवर लावलेली माझी सुरुवातीची रोहितांची चित्रं आज राखी बगळ्यांसारखी दिसतात, आणि त्यातली दोन विकत घेतलेल्या माणसांना मी स्वतःहून नवी काढून दिली. आता क्विनाक्रिडोन रोझ वापरते. तो टिकतो. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती.

पुस्तकासाठी चित्र असेल तर मोजमाप लागतं. 1883 मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्ष्यांचा संग्रह मुंबईत हॉर्नबिल हाऊसमध्ये आहे. आधी लेखी परवानगी काढून तिथे डिव्हायडर आणि पट्टी घेऊन जा. जतन केलेल्या कातड्यांवरून चोच आणि पंखांची लांबी मोजता येते, पिसांवर पिसं कशी चढतात ते कळतं. पण डोळ्याच्या जागी कापूस असतो, आणि चोचीचा, पायांचा रंग मेल्यावर उतरतो. ते होडीतल्या वहीतूनच घ्यावं लागतं. म्हणून मी वही उघडीच ठेवून मोजते.

इथे मला मुघल बादशहा जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याची आठवण येते. बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली नाहीत, असं जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. त्याने स्वतः ती काढून घेतली. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून काही अनोळखी प्राणी-पक्षी दरबारात आणले, त्यांत टर्की होता. मन्सूरने काढलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कधीच न बघितलेला पक्षी, पण गळ्याच्या लोंबत्या कातडीची एकेक गाठ त्याने बघून काढली. कुठली सवयीची रेघ त्यात घुसू दिली नाही. रोहित हजार वेळा बघितला असला तरी तो असाच, पहिल्यांदा बघितल्यासारखा काढायला हवा. मला ते दर वेळी जमत नाही, पण वही उघडताना मनात तेच असतं.

बाकी ठिकाणांबद्दल थोडक्यात. आंबोलीत जुलैमध्ये बेडूक काढायचे तर जलरंग घरी ठेवा. त्या हवेत ते वाळतच नाहीत. पेन्सिल, छत्री धरायला एक सोबती, आणि मंद टॉर्च. बेडकाला हात लावायचा नाही, पानासकट तोडून आणायचा तर नाहीच. ताडोबात वाघासाठी पेन्सिल रोखून बसू नका. जिप्सी थांबेल तिथे गवे, चितळ, वानरं काढत राहा. हात गरम राहतो, मग वाघ दोन मिनिटंच दिसला तरी खांद्याचा उतार आणि कानामागचा पांढरा ठिपका सुटत नाही.

परत भिगवणला. नऊनंतर ऊन चढलं की पक्षी पाण्याच्या चकाकीत विरतात, तेव्हा काठावर या. गावात चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते, पण जेवायच्या आधी वही उघडा. अर्धवट मुद्रांखाली त्या कुठल्या क्षणाच्या होत्या ते लिहून टाका. दुपारची झोप झाली की त्यातलं अर्धं पुसलेलं असतं. आणि वही मिटण्यापूर्वी एकदा नावाड्याच्या हातात द्या. तो रोज त्या पक्ष्यांमध्ये असतो. पान उलटताना त्याचा हात जिथे थांबेल, तिथे खूण करून ठेवा.