कुंडीतली जुनी माती पुन्हा वापरताना या चुका टाळा

कुंडीतली माती दोन-तीन वर्षांत चार बोटं खाली बसते. मग पाणी घातलं की ते वर साचून राहतं, नाहीतर कडेच्या फटीतून सरळ ताटलीत उतरतं. यावर घरोघरी होणारा उपाय म्हणजे वरून गांडूळखत भरून कुंडी पुन्हा काठोकाठ करणं. सगळ्यात मोठी चूक हीच.

कमी झाला तो मातीतला सेंद्रिय भाग. शेणखत, कोकोपीट, पालापाचोळा जिवाणूंनी कुजवून संपवला आणि मागे राहिली ती बारीक, गच्च बसलेली माती. तिच्यात पुन्हा नुसतं खत घातलं, तर तेही कुजून बारीक होतं आणि मुळांना हवा आणखी कमी मिळते. शिवाय दरवर्षी भरपूर खत घातल्याने स्फुरद (फॉस्फरस) साठत जातं. ते जास्त झालं की झाडाला लोह आणि जस्त घेणं अवघड होतं.

म्हणून आधी न कुजणारा जाड भाग परत द्या: नदीची जाड रेती, पर्लाइट किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. साधारण पाच घमेली चाळलेल्या जुन्या मातीला दीड-दोन घमेली जाड भाग आणि दोन घमेली पूर्ण कुजलेलं खत, हे प्रमाण बहुतेक फुलझाडांना आणि भाज्यांना चालतं. अंदाज येत नसेल तर काचेच्या बरणीत मूठभर माती आणि भरपूर पाणी घालून जोरात हलवा. रेती मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. तळातला रेतीचा थर अगदीच पातळ असेल तर जाड भाग वाढवा.

खत मिसळण्याआधी कुंडीच्या काठाकडे बघा. पांढरा थर दिसत असेल तर ते बोअरच्या पाण्यातले आणि रासायनिक खतांतले क्षार. पानांच्या कडा करपतात त्या बऱ्याचदा यामुळेच, आणि तिथे आणखी खत घालणं म्हणजे झाडाला त्रासच. आधी माती धुवा. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून खालून निघून जाऊ द्या, किंवा झाड नसलेली, मातीने भरलेली कुंडी जूनमध्ये पावसात ठेवा. या धुण्यात नत्रही (नायट्रोजन) वाहून जातं, म्हणून खत नंतरच.

आता राखेबद्दल. चुलीची राख पालाश (पोटॅशियम) देते हे खरं, पण ती चुनखडीसारखी अल्कधर्मी असते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे मूठभर राख आणि हाडांचा चुरा दोन्ही उपयोगी पडतात. घाटावर गोष्ट उलटी. काळ्या मातीचा सामू (pH) बहुधा 8 च्या आसपास असतो, वर बोअरचं जड पाणी. अशा कुंडीत राख घातली की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. मोगरा, जास्वंद, लिंबू यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी खताचा डोस वाढवू नका. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह आणा आणि पाकीट नीट वाचा: ईडीडीएचए (EDDHA) लिहिलेलं असेल तरच ते अल्कधर्मी मातीत घाला, ईडीटीए (EDTA) असेल तर पानांवर फवारा. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला असेल तर मात्र बहुतेकदा नत्र कमी पडलेलं असतं. तिथे 12 इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरते.

टोमॅटोला कॅल्शियम मिळावं म्हणून घातलेल्या अंड्यांच्या टरफलांवर फार विसंबू नका. अल्कधर्मी मातीत ती जवळजवळ विरघळतच नाहीत. टोमॅटो बुडाशी काळा पडतो त्याचं कारण बहुधा अनियमित पाणी असतं.

वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा ताजाच मिसळून लगेच रोप लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. तो कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोप खुरटतं. पाला दोन-तीन महिने आधी शेण घालून वेगळा कुजवा.

जुन्या झाडाच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील तर मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे अतिसूक्ष्म कृमी आहेत. ती माती एप्रिल-मेच्या उन्हात वीतभर जाडीने पसरा, ओली करा आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून चार ते सहा आठवडे झाका. काळं प्लास्टिक वापरू नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. या उष्णतेत चांगले जिवाणूही मरतात, म्हणून गांडूळखत प्लास्टिक काढल्यावर मिसळा. टोमॅटो, वांगं, मिरची एकाच कुळातली आहेत. टोमॅटोच्या मातीत पुढच्या हंगामात वांगं किंवा मिरची न लावता झेंडू लावा. त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात.