पाडव्याला जुन्या निर्णयांची झडती

सालदाराचा (वर्षभराच्या गड्याचा) करार, शेताचा मक्ता (ठरावीक रकमेवर शेत), बटई (पिकातल्या वाट्यावर शेत) यांची बोलणी बहुधा गुढीपाडव्याच्या आसपास होतात. त्याआधी एक दुपार काढा. वहीत चालू असलेलं सगळं लिहा: पीक, बाग, बोअर, भिसी, सोयऱ्याला दिलेला शब्दसुद्धा.

प्रत्येकापुढे दोनच रकमा मांडा: यंदा अजून किती लागेल आणि यंदा किती येईल. आजवर घातलेला पैसा लिहायचा नाही. तो ठेवला काय, सोडला काय, परत येत नाही. मग विचारा: आज हात मोकळे असते, तर हे नव्यानं घेतलं असतं का?

गाडी अडते ती "एवढं लावलं, आता कसं सोडू" इथंच. फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी राखण्याचं, तेच होतं. डिसेंबरनंतर चार बोंडांसाठी पऱ्हाटी उभी ठेवली, की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. नुकसान पुढच्या पिकाच्या खात्यात जातं, म्हणून ते दिसतच नाही.

संत्र्याला मात्र घाई नको. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागलेली झाडं मोजा. थोडी असतील तर खोडाची साल खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. बहुतेक वाळत असतील तरच बाग काढायचा हिशेब करा. एका वर्षाच्या पडलेल्या भावावर कुऱ्हाड चालवू नये.

उत्तर "नाही" आलं तरी लगेच हात झटकू नका. सोडण्याचा खर्च, कराराची मुदत बघा. समोरच्याला नांगरणीआधी सांगा, पेरणीच्या तोंडावर नाही. गारपीट किंवा भावकीतलं भांडण ताजं असेल, तर वही पंधरा दिवस मिटून ठेवा.