ऑपरेशननंतर राहायचं कुठे, ते आधी ठरवा

कॅन्सरमुळे स्तन काढून पोटाच्या कातडीने नवा स्तन करायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातले सगळे पैशांच्या आणि रक्ताच्या मागे लागतात. सुट्टी मिळाल्यावर बाई राहणार कुठे, हे मात्र शेवटच्या दिवशी आठवतं. जखमेतलं पाणी बाहेर काढायला नळ्या घालतात, त्यांच्या टोकाला ते साठायची डबी असते. गाव लांब असेल तर या नळ्या निघेपर्यंत हॉस्पिटलजवळच राहा, असं माझं ठाम मत आहे. बऱ्याचदा नळ्यांसकट घरी सोडतात आणि ड्रेसिंगच्या फेऱ्या चुकत नाहीत. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होम अशा जागा आहेत. ऐनवेळी खोली मिळणं कठीण, म्हणून तारीख कळताच हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. कागद कोणते लागतात आणि सोबत किती माणसं राहू शकतात, ते विचारा.

जागा कुठलीही असो, आधी पलंग आणि कमोड बघा. माझ्या वहिनीच्या पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन केला होता. पहिल्या रात्री आम्ही सवयीने खाली गादी घातली. पहाटे तिला उठायचं होतं. हाताचा जोर लावायचा नाही, पोटावर टाके, कंबर सरळ होईना. ती एका कुशीवर होऊन तशीच थांबली, आणि आम्हा दोघींना तिला धरायचं कुठे तेच कळेना. दुसऱ्या दिवशी पलंग आणला, पाठीशी तीन उशा, गुडघ्यांखाली एक.

कपड्यांत पुढून बटणांचे सैल गाऊनच घ्या. परकराची नाडी नेमकी पोटाच्या टाक्यांवर येते. नळीच्या डबीसाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवून ठेवा. मापाचं भांडं, वही आणि पेनही लागेल. सकाळ-संध्याकाळ डबी रिकामी करून आकडा लिहायचा. चोवीस तासांत साधारण 30 मिलीच्या खाली आलं की बहुतेक डॉक्टर नळी काढतात.

मशेरी लावत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना आत्ताच सांगा आणि निदान चार आठवडे आधी बंद करा. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या स्तनाला रक्त कमी पडतं. तो भाग बधिर असतो, म्हणून गरम पिशवीने शेकू नका. भाजलेलं कळतही नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पाण्याची कळशी, कणीक मळणं, लहान मूल उचलणं ही कामं सहा आठवड्यांपुरती कुणाकडे, ते नावानिशी ठरवा. हॉस्पिटलचा नंबर भिंतीवर लावा. 38 अंशांवर ताप, डबीत एकदम लाल रक्त, अचानक सूज, स्तनाचा रंग निळसर-काळपट होणं किंवा पोटरी सुजणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी फोन करा. गावी परतताना शेवटच्या सीटवर बसू नका, धक्के फार बसतात. छातीशी धरायला एक उशी हाताशी ठेवा.