स्मोक अलार्म सक्तीचा होईल तेव्हा होईल, तोपर्यंत घरात कसा लावायचा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत एजीएमला हा विषय निघाला की प्रत्येक घरात स्मोक अलार्म कम्पल्सरी करायचा का, आणि दीड तास नुसती भांडणं. माझं मत विचाराल तर नवीन बिल्डिंगला ओसी (राहायला जायची परवानगी) देतानाच सक्ती करावी, जुन्या घरांना जबरदस्ती केली तर लोक एक स्वस्तातला डबा छताला चिकटवतील आणि विसरून जातील. 2006 च्या महाराष्ट्राच्या फायर कायद्यात सोसायटीने दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे बिल्डिंगची फायरची यंत्रणा चालू आहे असा दाखला, घेऊन द्यायचा असतो, तो कितीजण वेळेवर देतात ते आपापल्या सेक्रेटरीला विचारा. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून सगळ्या घरांना सक्ती आहे, तीही एक अलार्म वाजला की घरातले सगळे वाजतील अशा एकमेकांना जोडलेल्या अलार्मची. पण तिकडे रोज सकाळी मिरचीची फोडणी नसते ना!

तर पहिली गोष्ट, किचनमध्ये स्मोक अलार्म लावायचा नाही. मी ही चूक केली. आठ वाजता ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की हा बोंबलायला लागायचा, शेवटी आईने स्टूलवर चढून त्यातले पेन्सिल सेल काढले आणि हॉलमधल्या बंद पडलेल्या घड्याळात टाकले. घड्याळ चालू, अलार्म बंद, मला पंधरा दिवसांनी कळलं.

किचनसाठी हीट अलार्म वेगळा मिळतो, तो धुराला नाही, उष्णतेला वाजतो. स्मोकवाला शेगडीपासून निदान दहा फूट लांब, बेडरूमच्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये छतावर लावा, कारण आपण झोपेत असतो तेव्हाच त्याची खरी गरज. जमलं तर बेडरूममध्येही एक, खास करून एसी लावून दार बंद करून झोपत असाल तर. वन बीएचकेत दहा फूट कुठून आणायचे हा प्रश्न बरोबर आहे, मग जेवढं लांब जमेल तेवढं आणि थोडा वेळ गप्प करायचं बटण असलेलाच घ्या. पंख्याच्या पात्यांपासून तीन फूट तरी बाजूला, एसीच्या झोतात नको, बाथरूमच्या दारासमोर नको (वाफेने वाजतो), आणि देवघराच्या डोक्यावर तर अजिबातच नको.

विकत घेताना फोटोइलेक्ट्रिक (आतल्या प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणारा) लिहिलंय का बघा. गादी, सोफा, वायर असं धुमसत जळणारं तो लवकर पकडतो आणि फोडणीला त्यातल्या त्यात कमी वाजतो. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते, साधारण दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा, नुसता सेल नाही. डबल साइड टेपवर भरवसा ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो सुटतो, दोन स्क्रू मारा. पीओपीचं छत असेल तर इलेक्ट्रिशियनला आधी आतली वायर बघायला सांगा.

मेंटेनन्सचं बिल आलं की टेस्टचं बटण दाबायचं, मी तसंच लक्षात ठेवतो. मधूनच टिक् टिक् करायला लागला तर सेल संपत आलाय, काढून ठेवू नका, नवीन टाका. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या जाळीवरूनही ब्रश फिरवा, कोळी आणि बारीक किडे आत गेले तरी उगाच वाजतो.

गॅस लीक मात्र याला कळत नाही हां. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, त्याचा डिटेक्टर वेगळा आणि तो जमिनीजवळ लावतात.

आता वाजला तर करायचं काय? वाकून बाहेर, मागे दार ओढून घ्यायचं, लिफ्ट नाही, जिन्याने खाली, मग 101. आणि आपल्या सगळ्यांच्या बाल्कनीला बॉक्स ग्रिल असतंच, त्यात उघडणारी खिडकी आहे का आणि तिच्या कुलपाची चावी कुठंय ते आजच बघा. आमची चावी सापडली फ्रिजवरच्या डब्यात, आणि कुलूप गंजून बसलेलं, शेवटी कापावं लागलं.