फर्म बदलताना: तरुण असोसिएट वकिलांसाठी

फर्म बदलायची म्हटलं की बोलणं पगार आणि नोटीस पीरियडवर होतं. घोडं अडतं ते मात्र कॉन्फ्लिक्ट चेकवर, म्हणजे तुमच्या जुन्या कामांचा नव्या फर्मच्या अशिलांच्या हिताशी संघर्ष होतो का, या तपासणीवर. नवी फर्म तुमच्या कामांची यादी मागते. कोर्टात दाखल प्रकरणांची नावं, कोर्ट आणि केस नंबर एवढंच द्या. जाहीर न झालेल्या सौद्यात लिस्टेड कंपनी असेल, तर तिचं नावही परस्पर सांगू नका. काय उघड करता येईल ते आधी जुन्या पार्टनरकडून लेखी घ्या. नोकरी सुटली तरी अशिलाच्या गुपिताचं बंधन सुटत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023, कलम 132). ज्या दाव्याचा मसुदा तुम्ही केलात, त्यात विरुद्ध बाजूने उभं राहायला बार कौन्सिलचा नियम 33 मनाई करतो.

हँडओव्हर नोटमध्ये, म्हणजे काम सोपवताना मागे ठेवायच्या टिपणात, बहुतेक जण फक्त पुढची तारीख लिहितात, आणि तिथेच अशिलाचं नुकसान होतं. व्यावसायिक दाव्यात समन्स बजावल्यापासून 120 दिवसांनंतर लेखी कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) घेतलीच जात नाही. म्हणून समन्स कधी बजावलं, मुदत कधी संपते, कोणती कागदपत्रं यायची आहेत, हे प्रत्येक प्रकरणासमोर लिहा. ई-फायलिंग खात्याला जुन्या फर्मचा ईमेल जोडलेला असेल तर शेवटच्या दिवसाआधी बदला, नाहीतर सूचना बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहतील. मसुदे पेन ड्राइव्हवर घेऊन जाणं सरळ चूक आहे.

अशील तुमच्या मागे यायचं म्हणाला, तर बार कौन्सिलच्या नियम 39 प्रमाणे आधीच्या वकिलाची संमती लागते. ती न मिळाल्यास कारण सांगून कोर्टाची परवानगी मागायची. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली स्पष्ट केलं आहे.

नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये, अशी अट असोसिएटच्या करारात असली तरी करार कायद्याच्या कलम 27 पुढे ती सहसा टिकत नाही. पार्टनरचं वेगळं: भागीदारी कायद्याच्या कलम 36 नुसार वाजवी मुदतीची आणि हद्दीची अट वैध ठरते.

फर्मच विलीन होत असेल, तर दोन्हीकडचे अशील एकमेकांविरुद्ध लढत आहेत का ते पाहा. एकाला सोडावं लागतं, आणि ज्या पार्टनरचा मोठा अशील जातो त्याच्या टीमचं काम आटतं. तुमचं काम कोणाकडून येणार आणि ज्येष्ठता कोणत्या वर्षापासून धरणार, हे घोषणेआधीच लेखी विचारून घ्या.