काटा एक अन् बंड्या शंभर: हंगामाआधी सॉफ्टवेअर आणि टीम कशी वाढवावी

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी, घराच्या माडीवर आम्ही चौघं बसायचो. कापूस विक्रीचं टोकन, काटापट्टी (वजनाची पावती) आणि शेतकऱ्याचा चुकारा (मालाचे पैसे), एवढं आमचं सॉफ्टवेअर सांभाळतं. उन्हाळा-पावसाळा ते निवांत चालायचं. दिवाळीनंतर सकाळी आठला टोकन उघडलं की दहा मिनिटांत सगळं ठप्प. पहिल्या हंगामात मी दुप्पट मोठा सर्व्हर घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाबांचा जन्म जिनिंगच्या काट्यावर गेला. ते म्हणाले, "लाईन कुठं लागली ते पाय आधी. काटा एकच असन तं हमाल वाढवून का होते?"

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगेचा एक नियम सिद्ध केला: आत असणाऱ्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत घालवलेला सरासरी वेळ. तासाला २० बंड्या, म्हणजे कापसाच्या बैलगाड्या, फाटकातून आल्या आणि प्रत्येकीला रिकामं होऊन निघायला ३ तास लागले, तर आवारात ६० बंड्या उभ्या. आता हेच डेटाबेसला, म्हणजे सगळ्या नोंदी जिथं साठतात त्या प्रोग्रॅमला लावा. सेकंदाला ५० विनंत्या, प्रत्येकीला २०० मिलिसेकंद, म्हणजे एका वेळी डेटाबेसशी १० कनेक्शन (जोडण्या) पुरतात. तीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ४ सेकंदांवर गेली तर २०० लागतात, आणि आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मुळात मर्यादा असते १०० ची. गर्दी तेवढीच, फक्त क्वेरी मंदावली, तरी फाटक बंद.

आमचं नेमकं हेच झालं होतं. पोस्टग्रेसमधली क्वेरींचा हिशोब ठेवणारी पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स ही सोय चालू करून कोणत्या क्वेरीवर एकूण किती वेळ जातो ते काढलं. एक क्वेरी वर आली: शेतकऱ्याचं आधीचं टोकन शोधणारी. क्वेरी आतून कशी चालते ते दाखवणारी एक्सप्लेन अॅनलाइज ही आज्ञा लावल्यावर दिसलं की ती दर वेळी अख्खा तक्ता वाचत होती. शेतकरी क्रमांक आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) टाकला आणि सकाळची कोंडी फुटली. चालू हंगामात इंडेक्स टाकायचा तर कॉन्करंटली (काम न थांबवता) टाका, नाहीतर तो बनेपर्यंत त्या तक्त्यात नवी नोंदच होणार नाही.

मर्यादा १०० ची ५०० करण्याचा मोह आवरा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते. ती मेमरी खाते, आणि सगळ्या मिळून त्याच प्रोसेसरवर आणि डिस्कवर तुटून पडतात. त्यापेक्षा मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्रॅम बसवा, आत मोजकीच कनेक्शन ठेवा, बाकीच्यांना बाहेर रांगेत थांबू द्या. एसएमएस पाठवणं, पावतीची पीडीएफ बनवणं ही कामं टोकनच्या वाटेतून काढून वेगळ्या रांगेत टाका. शेतकऱ्याला नंबर लगेच हवा असतो, एसएमएस मिनिटभर उशिरा आला तरी चालतो.

गर्दीच पसरवता आली तर आणखी बरं. आम्ही गावांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी वेळ दिली. या एका बदलाला कोड जवळजवळ लागलाच नाही, आणि मला तो आधी सुचायला हवा होता.

आपल्याकडचं नेटवर्क धरूनच बांधणी करा. रेंज गेली की माणूस बटण पुन्हा दाबतो आणि एकाच ट्रॉलीची दोन टोकनं निघतात. एकदा अशाच दुहेरी टोकनामुळे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा नंबर दुसऱ्या दिवसावर गेला. रात्रभर ते बंडीखाली झोपले. ते मला अजून विसरता आलेलं नाही. उपाय असा: विनंतीचा स्वतंत्र क्रमांक फोनवरच तयार करा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिकचं बंधन घाला, म्हणजे तोच क्रमांक दोनदा नोंदला जाणार नाही. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला तर नवं टोकन न देता जुनंच परत द्या. अॅप आपणहून पुन्हा प्रयत्न करत असेल तर दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्या आणि त्यात थोडा कमीजास्तपणा ठेवा, म्हणजे पडलेला सर्व्हर उठताच सगळे फोन एकदम धावणार नाहीत. काट्यावरची नोंद मात्र आधी तिथल्याच कॉम्प्युटरमध्ये झाली पाहिजे. इंटरनेट गेलं तरी काटापट्टी निघाली पाहिजे, वर पाठवणं मागाहून.

आता माणसं. दुसऱ्या वर्षी मी ऐन हंगामात आठ जण घेतले आणि काम मंदावलं. चौघांत आपसातल्या जोड्या ६ होतात, बाराजणांत ६६. जुने चौघं दिवसभर नव्यांना समजावत बसले. सालदार (वर्षभराचा शेतगडी) पाडव्याला ठेवतात, वेचणी लागल्यावर नाही. टीमचंही तसंच करा: उन्हाळ्यात घ्या, पावसाळ्यात शिकवा.

बाराजणांना एका खोलीत बसवून सगळ्यांना सगळं देऊ नका. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली मांडलं होतं की संस्थेत बोलणं जसं चालतं, तशीच तिच्या हातून घडणारी रचना होते. आम्ही चार-चार जणांचे तीन गट केले: टोकन, काटा, चुकारा. प्रत्येक गट आपला भाग लिहितो, चालवतो आणि रात्री बिघडला तर तोच उठतो. दोन गटांमध्ये काय यायचं-जायचं ते लिहून ठेवलं. सर्व्हर मात्र तीन केले नाहीत. प्रोग्रॅम एकच आहे, आत भिंती आहेत. एवढ्या टीमला पुष्कळ सेवा वेगवेगळ्या चालवणं झेपत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बिघाड झाल्यावर काय करायचं याची वही मराठीत लिहा, आणि ती सगळ्यात नव्या मुलाच्या हाती देऊन पाहा. तो जिथं अडेल तिथं वही अपुरी आहे.

चाचणी आम्ही तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घेतो. मागच्या हंगामातला सगळ्यात गर्दीचा तास घ्यायचा आणि त्याच्या तिप्पट विनंत्या चाचणीच्या सर्व्हरवर सोडायच्या. काहीतरी तुटतंच. तुटलेलं दुरुस्त करायला दसऱ्यापर्यंत चाळीसेक दिवस हातात असतात.