जुन्या ॲनिमेची (जपानी कार्टून मालिकांची) शीर्षकगीतं ऐकायची कशी

सुरुवात 1972 च्या 'माझिंगर झेड'पासून करा. चित्र बघू नका, नुसतं ऐका, आणि हेडफोन लावूनच. फोनच्या स्पीकरवर ट्रम्पेट पार चिरकतात. गायक इचिरो मिझुकी 'झेऽऽट्टो!' (म्हणजे 'झेड') अशी आरोळी ठोकतात, तिथे आवाज वाढवा.

मग 1974 चं 'स्पेस बॅटलशिप यामातो'. संगीत हिरोशी मियागावा, गायक इसाओ सासाकी. पहिल्यांदा फक्त ट्रम्पेटकडे कान द्या, दुसऱ्यांदा ड्रमच्या लष्करी ठेक्याकडे, तिसऱ्यांदा सासाकींच्या भारदस्त आवाजाकडे. टीव्हीवरचं गाणं जेमतेम दीड मिनिटाचं, त्यामुळे तीनदा ऐकूनही चहा गरमच राहतो. एवढ्याशा वेळात पहिल्या ओळीलाच पकड घ्यावी लागते. माझ्या मते म्हणूनच ही गाणी डोक्यातून जाता जात नाहीत.

'ॲस्ट्रो बॉय'च्या गाण्याचे शब्द कवी शुंतारो तानिकावा यांचे. पण अर्थ नंतर; आधी चाल गुणगुणता आली पाहिजे.

आणि हो, 'जंगल जंगल बात चली है' या यादीत घालू नका. मोगलीची मालिका जपानी, गाणं मात्र गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं, आपल्याकडच्या हिंदी आवृत्तीसाठी केलेलं. मूळ जपानी शीर्षकगीत वेगळंच आहे. तेही शोधून ऐका. फक्त ऐकताना 'चड्डी पहन के' मधे घुसू देऊ नका. जमलं तर!